रिकामे चार सेकंद

यामिनी चौबळच्या मानेवरच्या पट्ट्याचं बटण दाबून निमकर साहेबांनी तिला उठवलं. सकाळपासून ही तिची सहावी झोप.

"अहो साहेब, मी रिकामी नव्हते, विचार करत होते!" ती कडाडली.

"बाई, हात चार सेकंद थांबले की माणूस रिकामा. पट्ट्याच्या कोडमध्येच आहे तसं. त्याची माहितीपुस्तिका तुम्हीच तर लिहिताय."

पूर्वी हा कोड काम नसलेल्या प्रोसेसरला निजवायचा. त्यात वीज वाचली, तेव्हा कंपनीला वाटलं, माणसांनी काय घोडं मारलंय? मग प्रत्येकाच्या मानेला पट्टा आला. निमकर साहेबांना मात्र पट्ट्याने तीन वर्षांत एकदाही निजवलं नव्हतं, यातच सगळं आलं.

शेवटी यामिनीने घरी न्यायचे मटार टेबलावर ओतले, सोलता सोलता विचार केला आणि पुस्तिकेत वाक्य घातलं: 'दोष: विचार करणारा माणूस आणि रिकामा माणूस यांतला फरक या कोडला कळत नाही.'

"हे असलं छापायचं? मीच काढतो," म्हणत साहेबांनी तिचा कीबोर्ड ओढला.

"काढा. पण एकदा नीट वाचून काढा."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. बोट खोडायच्या बटणावरच थांबलं, कपाळाला आठी पडली आणि चार सेकंदांनी त्यांचं डोकं मटारांच्या सालांवर अलगद टेकलं.

यामिनीने कीबोर्ड परत घेतला आणि वाक्याखाली भरभर लिहिलं: 'हा दोष आज निमकर साहेबांवर तपासून पाहिला.'