आधी तुम्ही उतरा

"डावीकडे वळतेय, उतरायला येतेय," दातांच्या डॉक्टरीणबाई रेडिओवर म्हणाल्या.

"मीही डावीकडेच वळतोय, उतरायलाच येतोय," रेडिओतून एका पुरुषाचा आवाज आला.

विमानात बाई आज पहिल्यांदाच एकट्या होत्या. या छोट्या धावपट्टीला टॉवर नव्हता. आपण कुठे आहोत ते ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं आणि बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. बाईंनी मान दुखेपर्यंत इकडेतिकडे पाहिलं. आभाळात चिटपाखरू नव्हतं. म्हणजे हा गृहस्थ नक्की आपल्या विमानाच्या पोटाखाली! त्यांनी विमान वर उचललं आणि आणखी एक फेरी मारली.

रेडिओवर काय काय सांगायचं, ते विमान शिकवणाऱ्या गुरुजींनी घोकून घेतलं होतं. कुठे आहात, किती उंचीवर आहात, पुढे काय करणार. चौथी गोष्ट मात्र काही केल्या आठवेना. "आज नीट उतरवलंत तर यापुढे एकट्या जा. नाहीतर या वयात हा नाद सोडून द्या," असंही गुरुजींनी बजावलं होतं. आता ते खाली बाकावर उभे राहून टोपी हलवत होते.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"तुम्ही आधी उतरा," बाई म्हणाल्या.

"छे छे, आधी तुम्ही. मला घाई नाही."

"मला तरी कुठे आहे?"

बाईंना आता भीतीपेक्षा हसूच येऊ लागलं. त्यांच्या दवाखान्याबाहेर बसलेली माणसं आत यायची वेळ आली की एकमेकांना अशीच पुढे करत.

"अहो, पण तुम्ही आहात तरी कुठे?" तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं.

"तळ्यावर. अगदी मधोमध."

बाईंनी खाली पाहिलं. वीटभट्टी होती, शाळेचं मैदान होतं, गोदामांची पत्र्याची छपरं होती. तळं कुठेच नव्हतं. आणि ती चौथी गोष्ट लख्खकन आठवली. मग त्यांना असं काही हसू फुटलं की रेडिओवर एक शब्द बोलवेना. त्या हसण्याच्या भरात विमान इतकं अलगद उतरलं की चाकं टेकलेलीही त्यांना कळली नाहीत.

गुरुजी धापा टाकत आले. "सगळं आभाळ मोकळं होतं. कोणाला वाट देत होतात?"

"डोंगरापलीकडच्या धावपट्टीवरच्या एका गृहस्थांना," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "रेडिओचा चॅनल दोन्हीकडे एकच. आधी धावपट्टीचं नाव सांगायचं, तेच मी विसरले. आणि ते गृहस्थही विसरले."

गुरुजींनी रागावून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. "न दिसणाऱ्यालाही जो वाट देतो, तो या धंद्यात टिकतो," ते म्हणाले. "उद्या पुन्हा एकट्याच जा."

तेवढ्यात विमानातला रेडिओ खरखरला.

"बाई, उतरलात ना नीट? मग आता मी येऊ का?"