परतीचा बाण

"आज तुमचं गाव नकाशावर आलं!" राजधानीहून आलेले भूगोलाचे प्राध्यापक वेनियामिन गरजले. ऐकायला अगाफिया आजी होती आणि दाराशी एक बोकड. मोल्दोव्हातल्या त्या गावातली बाकीची माणसं नकाशातल्या लाल बाणात होती. जितकी माणसं इटलीला गेली, तितका बाण जाड.

"यातच माझी लेक दोम्निका असणार," आजी म्हणाली. "तिथल्या एका म्हातारीला भरवते. थंडीआधी येते म्हणालीय. परत येणाऱ्यांचा बाण कुठाय हो?"

"तो इतका बारीक आहे, आजी, की छापताच येत नाही."

बोकड उठून गेला.

"बरं," ती म्हणाली, "मग तिच्यासाठी थांबत नाही. जाता जाता कोबीच्या लोणच्याचं पिंप तेवढं तळघरात उतरवून द्या."