मुक्तापुऱ्यांचा सत्कार

आपल्या घराण्यात कुणी नाव काढलं का, एवढंच विरूपाक्ष मुक्तापुरे मास्तरांना बघायचं होतं. लातूरच्या वाचनालयात ते जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत बसले.

१९९१च्या फायलीत एका मुक्तापुऱ्यांच्या सत्काराचा फोटो निघाला. १९७४च्या फायलीत दुसऱ्या एका मुक्तापुऱ्यांचा. मास्तरांचा ऊर भरून आला.

"मास्तर, दोन्हीत मागं उभे तुम्हीच की! चष्मा बी हाच हाय," ग्रंथपाल सिद्धम्मा म्हणाली.

"मी? मी कधी सत्काराला गेलोच न्हाई."

१९६३च्या फोटोत ते पुढच्या रांगेत होते, आजच्याइतकेच म्हातारे.

१९५२च्या फोटोत मधली खुर्ची रिकामी होती. फायलींत भेटलेले सगळे मुक्तापुरे हार घेऊन भोवती उभे होते आणि थेट मास्तरांकडे बघत होते.

मास्तरांनी ताठ मानेनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.