टोपीला हात

मैदानाच्या कडेला, सरावाच्या जागेतल्या भिंतीवरचा टेलिफोन वाजला, तसा हॉलिस चेंडू घेऊन उठला. बारा वर्षं बेसबॉलचा सामना हातचा जायला लागला की हा टेलिफोन त्यालाच चेंडू फेकायला बोलवायचा. पण आठवडाभर त्याची दोन बोटं बधिर होती आणि हे त्यानं सगळ्यांपासून लपवलं होतं. सरावाचा चौथा चेंडू झेलल्यावर म्हातारा कॅचर एमेट उठून जवळ आला. "ग्लोव्हमध्ये नेहमीचा आवाज येत नाही रे. हात ठीक आहे ना?" "तुझेच कान गेलेत, आजोबा!" "थट्टा पुरे. निसटलेला चेंडू बॅट धरलेल्या पोराच्या डोक्यात बसला तर?" टेलिफोन पुन्हा वाजला. तो उचलून तिथल्या प्रशिक्षकानं हॉलिसकडे वळून विचारलं, "तयार?" तयार असलेल्यानं बोलायचं नाही, टोपीला हात लावायचा. एमेट मानेनं 'नको' म्हणत होता. हॉलिसनं तरी हात वर नेला. टोपी कपाळावर सरकली, पण बोटांना ती जाणवलीच नाही.