फांताचं पूर्ण नाव

"मिळाली, मामा!" क्षिप्राने लॅपटॉप टेबलावर आपटलाच. बेडोकच्या त्या हॉकर सेंटरात, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, चार लोक वळून बघायला लागले.

"अगं, माझी कॉफी सांडली ना," निशिकांतमामा म्हणाला. समोर बसलेला लामिन हसला नाही.

लामिन गांबियाचा. तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डात आलेल्या जहाजावरचा फिटर. तिथेच सुपरवायझर असलेल्या मामाशी त्याची गट्टी जमलेली. त्याचं गाव गांबिया नदीकाठी. दोन-अडीचशे वर्षांमागं घरातली एक पोर नदीवर पाण्याला गेली अन् गोऱ्यांच्या जहाजातून गुलाम म्हणून गेली, एवढंच घरात सांगत आलेत. नाव कुणालाच ठाऊक नाही. आई आता अंथरुणाला खिळलेली. रोज घरच्या सगळ्या मेलेल्यांची नावं घेऊन दुवा मागते आणि या एकीपाशी अडते. डोळे मिटायच्या आत तिला ते नाव पाहिजे होतं.

क्षिप्रा युनिव्हर्सिटीत जुन्या जहाजांच्या वह्या वाचायची. तिने आपल्या टिपणातली ओळ वाचली.

"फांता लामिन सान्यांग. मुलीचं नाव फांता, वडिलांचं लामिन, आडनाव तुमचंच, सान्यांग. तुमच्याच गावच्या धक्क्यावरून चढवलेली."

"आमच्यात पिढ्यानपिढ्या थोरल्याचं नाव लामिनच असतं," तो म्हणाला. त्याने राकट मनगटाने डोळे पुसले.

"रडतोस काय येड्या? आईला फोन लाव," मामा म्हणाला.

तिकडे नुकतं उजाडलेलं. स्क्रीनवर सुरकुतलेला चेहरा आला.

"फांता," म्हातारी पुटपुटली. मग मोठ्यांदा, "फांता! ए फांता!" पोर अंगणातच खेळतेय अशी हाक. मामाने चष्मा काढून पुसला.

लामिन आईचं बोलणं इंग्रजीत सांगत होता. "आई म्हणते, बापाने किती शोधलं असेल तिला. आजपासून त्याच्यासाठीही दुवा मागेन." मग त्याने क्षिप्राला विचारलं, "पण मॅडम, मधे बापाचं नाव कशाला? आमच्यात नाही लिहीत."

"आमच्यात लिहितातच की..." क्षिप्रा बोलता बोलता लॅपटॉपकडे वळली. तिने वहीच्या मूळ पानाचा फोटो उघडला. फांता आणि लामिन या दोन नावांच्या मधे एक उभी रेघ होती; टिपणात ती सुटली होती.

लामिन स्क्रीनवर वाकला. फोनमधून म्हातारी विचारत होती, काय लिहिलंय रे, मलाही वाचून दाखव.

फांताच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'मुलगी'. लामिन सान्यांगच्या रकान्यावर, 'विकणारा'.