खिडकी ते कपाट

आठव्या पावलाला कपाट यायचं. तिथे वळायचं, पुन्हा आठ पावलं खिडकीपर्यंत. मास्तर रोज सकाळी अशा अडीचशे फेऱ्या पळायचे. आज साथीच्या नाकावर टिच्चून तीनशे करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं.

खोलीत कोंडून घेतल्याचा हा सहावा दिवस. तपासणी नवराबायको दोघांनी करून घेतली होती. रिपोर्ट बायकोच्या फोनवर आले. काय आलं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचं अंथरूण आतल्या खोलीत घातलंय. चौदा दिवस दार उघडायचं नाही."

मास्तर मुकाट्याने आत गेले. तिला आपला वाराही लागायला नको.

विशीत क्षयाने त्यांचं एक फुफ्फुस निम्मं खाल्लं होतं. पळणं कायमचं बंद, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं, म्हणून त्यांनी हट्टाने व्यायामशिक्षकाचीच नोकरी धरली आणि बत्तीस वर्षं पोरांच्या पुढे पळाले. आता म्हणे ही साथ त्यांना खाली बसवणार.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोन्ही वेळचा डबा गॅलरीतल्या खिडकीत ठेवून जायच्या. अंगात ताप नाही, साबणाचा वास झकास येतोय, असं मास्तर त्यांना रोज ऐकवायचे. पळणाऱ्याच्या अंगात आजार टिकत नाही, हा त्यांचा सिद्धांत. वहिनी मान हलवायच्या आणि चालत्या व्हायच्या.

लेक परगावी होती. ती रोज फोनवर बजावायची.

"बाबा, आईला कांजिण्या आल्या तेव्हा सगळे दूर राहा म्हणत होते आणि तुम्ही तिच्या उशाशी ठाण मांडून बसलात. मग तुम्हालाही आल्या. या वेळी तरी ऐका. दाराबाहेर पाऊल टाकू नका."

"बाहेर कशाला? मला आतच मैदान पुरतंय," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी बायको बंद दाराशी येऊन टेकायची. फार बोलायची नाही. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. आपल्या काळजीने झुरतेय, मास्तरांना वाटलं. मी पळतो ते डॉक्टरला सांगू नकोस, असं त्यांनी तिला दटावून पाहिलं.

मग ती म्हणाली, "पळा तुम्ही. पावलं ऐकू आली की बरं वाटतं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर पाय आपटून पळू लागले. आपण खचलो तर तीही खचेल, तिला सावरायला दुसरं घरात आहे कोण? छातीत शिट्टी वाजायची. वाजू दे.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यात धावपळ झाली, मग हॉलमध्ये जड सिलिंडर ओढल्याचा आवाज आला. गॅस संपला असेल. त्या संध्याकाळी बायको दाराशी आली नाही. तिच्याऐवजी डॉक्टर आला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी, शाळेत असताना शर्यतीत कायम शेवटचा.

"सर, बाई दमल्यात. झोपू द्या त्यांना."

मास्तरांचा हात कडीवर गेला. मग चौदा दिवसांचा शब्द आठवला आणि त्यांनी हात मागे घेतला. संताप आला तो स्वतःचा, आपल्या अर्ध्या फुफ्फुसाचा, या दळभद्री रोगाचा. ती आपल्यापायी अंथरुणाला खिळली होती. मग भिंतीपलीकडे तिला कळलंच पाहिजे की आपण ठणठणीत आहोत. त्या रात्री जेवणाआधी त्यांनी चारशे फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी साडेचारशे. मग पाचशे. पोटऱ्या दगड झाल्या, तळव्यांना फोड आले, पण एक दिवस चुकला नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टरने दार वाजवलं. "सर, या बाहेर."

मास्तरांनी केस विंचरले, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि छाती काढून दार उघडलं.

"बघ, शेवटच्या नंबरा," ते म्हणाले. "फुफ्फुसं दीड, पण हरवलं की नाही तुझ्या साथीला?"

डॉक्टर हसला नाही. तो बाजूला सरकला. हॉलमध्ये खाट टाकली होती. तीन उशांना टेकून बायको बसली होती, गाल बसलेले, नाकाशी नळीचा लाल वळ. मास्तरांना नखशिखान्त न्याहाळून ती हसली.

"हरवलं ते बाईंनी, सर," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला काही झालंच नव्हतं."