मागची सीट

योंगची साठ सालची मॉरिस खड्ड्यात गेली की मागून अशी आपटायची, की दात खुळखुळायचे. आणि शेजारचा क्वान! गाडी तीच, सालही तेच, पण मलेशियातल्या इपो गावच्या त्याच रस्त्यावरून पाळण्यासारखी झुलत जायची. दर रविवारी तो हॉर्न वाजवत पुढे गेला, की योंगच्या पोटात दुखायचं. शॉकअप नवे टाकून झाले, टायरची हवा कमी करून झाली. शेवटी तो गॅरेजवाल्या सेल्वमला म्हणाला, "मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधली एकेक पट्टी काढून टाक, म्हणजे नरम होतील. क्वानने नक्की काढलीय."

"कसलं काय, अंकल! परवाच बघितली मी त्यांची गाडी. पाटे गंजलेत, ग्रीसचा पत्ता नाही."

"मग ती झुलते कशी?"

सेल्वमने मागचं दार उघडलं. नव्या सीटवरचं प्लास्टिक चार वर्षांनंतरही तसंच चकचकीत होतं.

"पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात, रिकाम्या गाडीत ते ताठच राहतात. क्वान अंकलच्या मागे सासू आणि तीन पोरी बसतात. तुमच्या मागे कोण असतं?"

योंगने दार हळूच लावून घेतलं.

"एकेक नको," तो म्हणाला. "दोन-दोन काढ."